घोडीवरून पडलेला नवरदेव

भुजंगनं सिनेमात उभी हयात खविसाचं काम केलं, आणि त्याची माय आता त्यालाच भीत होती.

माय बायनाबाईंचा शनिवारचा उपास जन्माचा. पोखर्णीच्या नरसिंहाचं तीर्थ लेकाच्या हातून घ्यायचं, मगच तोंडात घास. भुजंग मुंबईला असला की त्याचा फोटो पुढं ठेवून सून तीर्थ देई. पण आता म्हातारपणानं मन भरकटलं, रोजच शनिवार उजाडू लागला. कालपासून पोटात पाण्याचा थेंब नव्हता. लेक तीर्थ घेऊन दारात उभा, तर तोच त्यांना चालेना.

"माय, मी हाय. भुजंग."

"दैवशाले, ह्याला भायेर काढ! लेकरं खातो त्यो!"

दैवशालेनंच एकदा मोठ्या हौसेनं सासूला मानवतच्या टॉकीजमध्ये नवऱ्याचा सिनेमा दाखवला होता. बाकी सगळं पुसलं गेलं, पडद्यावरचं ते तोंड तेवढं म्हातारीच्या मनात राहिलं.

"मिशी काढली तरी वळखंना झाल्या," ती नवऱ्याला हळूच म्हणाली. "आवो, तुमचा तो पहिला सिनेमा लावू का? घोडीवरून पडल्याला?"

त्या सिनेमात भुजंग सावलीलाही भिणारा नवरदेव होता. लोक पोट धरून हसले होते. पण त्यानंतर हसवायचं काम त्याला कुणी दिलंच नाही.

दैवशालेनं मोबाइल सासूपुढं धरला. मुंडावळ्या सावरत नवरदेव किंचाळला, घोडीवरून थेट शेणात. बायनाबाई बोळकं पसरून हसल्या.

"आगं, ह्यो तर माझा भुजंग! असाच भित्रा. न्हाणीत एकटा जायचा न्हाई. बोलीव की त्याला, तीर्थ त्यो दील."

भुजंग पुढं सरला. म्हातारी पुन्हा ओरडली. मग तो बाहेर गेला, दाराचा पडदा ओढला आणि त्या नवरदेवाचा बारीक आवाज काढला.

"आगं माय, घोडीवरून उतरू का गं? मला भ्या वाटायलंय!"

"आलास व्हय रं? उतर, मी हाय."

दैवशालेनं खाट दाराशी ओढली. पडद्याच्या फटीतून त्याचा हात तीर्थाची पळी घेऊन आत गेला. बायनाबाईंनी डोळे मिटून तीर्थ घेतलं, आणि तो हात धरूनच ठेवला.

"किती गार पडलाय! जेवलास का?"

"जेवलो," उपाशी भुजंग म्हणाला.

"मग आत ये की रं, लेकरा."

त्याचं पाऊल उंबऱ्यावर आलं. नरसिंहाचं उग्र रूप बघूनही प्रल्हाद भ्याला नव्हता. पण माय आता प्रल्हादाहून लहान झाली होती.

"घोडीला धरायला कुनी न्हाई, माय," तो त्याच आवाजात म्हणाला. "तू भात खा, मी हितंच हाय."

दैवशालेनं भात कालवला. आत म्हातारी हसत हसत घास घेऊ लागली. वाऱ्यानं पडदा उडू नये म्हणून भुजंग त्याची कड पायाखाली दाबून उभा राहिला.