काकेशसला निघालेला नमुना

मित्रांनो, माझ्या मालकांनी दोन वर्षे एका पत्राला उत्तर दिले नाही, आणि ते पत्र माझी चौकशी करणारे होते. हे आठवले की आजही माझा संताप होतो. मी एक जुना प्लास्टरचा नमुना आहे. एका फळीवर ओळीने चार भुयारी कबरी, अलान नावाच्या प्राचीन लोकांच्या. घाबरू नका, माझ्यात हाडे नाहीत.

माझे मालक मनोहरकाका जहाजावर चीफ इंजिनियर होते. निवृत्त होण्याच्या सुमारास त्यांचे जहाज दुरुस्तीसाठी काळ्या समुद्रावरच्या एका बंदरात अडकले. तेवढ्या वेळात ते काकेशस पर्वताच्या पायथ्याशी चाललेले उत्खनन पाहून आले. तिथल्या प्रमुख झालिनाबाईंनी त्यांना कबरीत उतरवून सगळे समजावले. सोव्हिएत राज्य नुकतेच मोडले होते. बाईंच्या लहानशा संग्रहालयात मुलांना दाखवायला कागदांखेरीज काही नव्हते. "मी नमुना करून पाठवतो," असे काका बोलून गेले. बाईंनी आराखड्यांच्या प्रती आणि काही फोटो दिले.

सिंगापूरला, पाया लेबार भागातल्या काकांच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर मी जन्मलो. काय ते कौतुक! माझी पहिली कबर मातीच्या उंचवट्याखाली होती. लांब, अरुंद, उतरता बोळ आणि टोकाला एकाच माणसासाठी दालन. दुसरीवरचा उंचवटा गेला. तिसरीचा बोळ आखूड झाला. चौथीत दाराची शिळा सरकवून पुन्हा पुन्हा त्याच घरातले माणूस आत ठेवलेले, नवरा, बायको, लेकरे एकत्र. बाईंच्या उत्खननात शतकांमागून शतके कबरी अशा बदलत गेल्या होत्या. माझ्यावरून बोट फिरवले की तो सगळा काळ कळावा, एवढ्यासाठीच मी होतो.

पण काकांचा जन्म जहाजांचे आराखडे वाचण्यात गेला होता. त्यात जहाजाचे पुढचे टोक एकाच बाजूला दाखवायचे, म्हणून सगळे एकाच दिशेने मांडायची त्यांच्या हाताला सवय. त्यांनी चारही दालनांची लांबी बोळाच्या रेषेत सरळ बसवली. प्लास्टर वाळले, रंग झाला, आणि मग त्यांनी फोटो नीट पाहिले. खरी दालने बोळाला आडवी होती!

काकांनी ब्रश खाली ठेवला. त्याच आठवड्यात झालिनाबाईंचे पत्र आले. 'नमुना कुठवर आला? मुले विचारतात. खिडकीजवळचे टेबल मी रिकामे ठेवले आहे.' काकांनी पत्र पुस्तकात ठेवले आणि मला स्टोअररूममध्ये, इस्त्रीच्या टेबलामागे. आपण कोण मोठे विद्वान, असे ते स्वतःशीच पुटपुटत. मी अंधारात चरफडत असे. दुरुस्त करा, नाहीतर फोडून टाका, पण त्या बाईंना काहीतरी कळवा! प्लास्टरला ओरडता येत नाही, हेच माझे दुर्दैव.

एका रविवारी काकांचे जुने सहकारी विश्वास जेवायला आले. उल्काकाकू जादा खुर्ची काढायला स्टोअररूममध्ये गेल्या आणि खुर्चीबरोबर मलाही बाहेर घेऊन आल्या.

विश्वासांनी मला पाहिले आणि हसू लागले. "चीफ, या कबरी आहेत की केबिनी? सगळ्या कशा एका रेषेत! इंजिनरूम कुठाय?"

काका लाल झाले. "चुकलंय ते. म्हणून तर पाठवलं नाही."

"आणि त्या बाईंना काय कळवलंत?" काकूंनी विचारले.

काका खुर्ची सरकवू लागले.

"अहो, काहीच नाही? दोन वर्षं? ती बाई टेबल रिकामं ठेवून बसली असेल तिकडे!"

"काय तोंडाने लिहू, उल्का? ती आयुष्यभर माती उकरतेय, आणि मी साधं चित्र वाचू शकलो नाही."

विश्वास म्हणाले, "चीफ, पाइप उलटा बसला तर जहाज सोडून जायचो का आपण? कापायचा, फिरवायचा, जोडायचा. तुम्हीच शिकवलंत मला."

"सांधे दिसतील."

"दिसू देत की!" काकू म्हणाल्या. "आधी जेवा. मग करवत घ्या."

मित्रांनो, करवत अंगावर चालते तेव्हा काय होते, ते सांगत नाही. चारही दालने सुटली, आडवी झाली, पुन्हा जोडली गेली. पांढरे सांधे रंगाखालूनही दिसतात. मला वाळायला खिडकीत ठेवले, आणि काका लिहायला बसले. चार कागद फाडले. पाचवा काकूंनी हातातून ओढून घेतला आणि मोठ्याने वाचला.

"'दालने मी चुकीची बसवली होती. लाज वाटली, म्हणून गप्प राहिलो. आता ती आडवी आहेत, सांधे दिसतात. मुलांना अजून हवा असेल तर नमुना पाठवतो.' बास. आणखी एक शब्द नको."

"निदान अक्षर तरी सुधारून..."

"अहो, चला!"

मित्रांनो, तुमच्या हातूनही वस्तू बिघडतील. त्या अंधारात कोंबून ठेवू नका. अंधारात कोणतीच वस्तू आपोआप नीट होत नाही. आणि कुणी वाट पाहत असेल, तर आपल्या लाजेपायी त्याला ताटकळत ठेवू नका. ते टेबल अजून रिकामे आहे की त्यावर दुसरेच काही आले आहे, मला ठाऊक नाही. ती दोन वर्षे कुणी परत देणार नाही.

खिडकीतून मला खाली ब्लॉकजवळची पोस्टाची पेटी दिसत होती. काका तिच्यासमोर उभे राहिले, पाकिटावरचा पत्ता पुन्हा तपासू लागले. काकूंनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि त्यांचा कोपर हळूच पुढे ढकलला. पत्र आत पडले.