मातासावाचे साहेब

खाडीत यॉटने नांगर टाकला की आम्हांला कळतं, आता दोन-चार लाल नाकं किनाऱ्याला लागणार. या वेळी एकच लाल नाक उतरलं. ते हॅरिएटचं. तिच्यामागून आला तिचा नवरा इनोके. रंग आमचा, दाट कुरळे केसही आमचेच, फक्त पिकलेले, आणि त्यांवर गोऱ्यांची असते तसली गवती टोपी. आयुष्य ऑकलंडमध्ये गेलेलं. पुढच्या बेटांकडे जाताना वाटेत चार दिवस निवांत पडायचं म्हणून दोघं थांबली होती.

पाहुण्याने आधी यांगोनाच्या, म्हणजे कुटून पाण्यात घोळून प्यायच्या, मुळांची जुडी पुढे ठेवायची आणि मगच गावात हिंडायचं. इनोकेने ती रीतसर ठेवली. ती स्वीकारायला गावाचा मुखिया, म्हणजे माझा नवरा, किटिओने त्याचं नाव, पोट सावरत बसला होता. इनोके मोडक्यातोडक्या बोलीत म्हणाला, "माझे वडील मातासावाचे. सेमेसा त्यांचं नाव."

घरभर डोळे चमकले. मातासावा बेट म्हणजे आमचं ताऊवू. दोन्हीकडचा मूळपुरुष एक. त्यामुळे तिकडचा माणूस आला की त्याला तोंडाला येईल ते बोलावं, त्याची वस्तू न विचारता उचलावी, त्याला चिखलात बसवावं. त्यानेही आमचं तेच करावं. रागवायचं मात्र कुणीच नाही. सेमेसा तर तरुणपणी आमच्याकडे यायचा आणि कधी रिकाम्या हाताने परत गेला नव्हता. माझा हात इनोकेच्या टोपीपर्यंत गेलासुद्धा होता, पण किटिओनेने असे डोळे वटारले की मी तोच हात माशी हाकलल्यासारखा फिरवला.

बाहेर येऊन त्याने सगळ्यांना दम भरला. "खबरदार! तो शहरात वाढलाय, यॉटचा मालक आहे. त्याला काय कळणार आपली थट्टा? एक चप्पल हलली तर पोलिसात जाईल. नीट वागायचं!"

"अहो, मातासावाच्या माणसाशी नीट?" मी म्हटलं. "आपल्या सात पिढ्यांना नाही जमलं ते."

"तू तोंड आवर, उनाईसी, म्हणजे गावाला जमेल."

आणि गावाला जमलं की! आमच्या गावाने सभ्यपणा असा अंगावर घेतला, जसा एखाद्याने उसना कोट घालावा. इनोके दिसला की लोक वाट सोडून उभे राहायचे. "या साहेब, बसा साहेब, पपई घ्या साहेब." तो टोपी खांबाला अडकवून पोहायला गेला, तर कुणीतरी ती झटकून यॉटवर पोचती केली. दुसऱ्या दिवशी त्याने चपला अगदी वाटेच्या मधोमध काढून ठेवल्या आणि स्वतः झाडाआडून बघत बसला. किटिओनेने त्या धुऊन, पुसून, दोन्ही हातांनी आणून दिल्या. इनोके "आभारी आहे" म्हणाला, पण त्याचा चेहरा बघवत नव्हता.

हॅरिएट मात्र खरंच निवांत होती. मी चटई विणायची आणि ती शेजारी आडवी पडून शहाळं प्यायची. चौथ्या दिवशी दुपारी ती एकदम उठून बसली.

"ताई, एक विचारू? राग नाही ना येणार? तुम्ही आता पाहुण्यांना लुटत नाही का?"

"अगं बाई! असं काय विचारतेस?"

"सासरे मरताना इनोकेला म्हणाले होते, 'त्या गावात एकदा जा. ते तुला नेसत्या कपड्यांनिशी लुटतील, मग तुला कळेल तू कुणाचा आहेस.' त्यासाठी आम्ही इथवर आलो. आणि इथे जो तो साहेब साहेब करतोय. काल रात्रभर झोपला नाही. म्हणतो, त्यांना मी आपला वाटलोच नाही. उद्या सकाळी आम्ही निघतोय."

माझ्या हातातली विणकामाची पाती सुटली. भला माणूस चपला घेऊन चोराची वाट बघत बसला होता आणि आम्ही त्या धुऊन देत होतो! मला नवऱ्याचा इतका संताप आला, आणि स्वतःचाही, की जाऊन सांगावं असंसुद्धा वाटलं नाही. सांगून करण्यासारखी ही गोष्टच नव्हे.

संध्याकाळी निरोपाचं जेवण होतं. किटिओने उभा राहून भाषण करत होता, "आमचे आदरणीय पाहुणे..." मी पाण्याची बादली उचलली आणि आदरणीय पाहुण्याच्या डोक्यावर पालथी केली.

किटिओनेच्या तोंडाचा आ मिटेना.

"मेल्या मातासावाच्या डुकरा!" मी ओरडले. "चार दिवस आमची पपई गिळतोस, आणि वर साहेब म्हणवून घेतोस? काढ तो शर्ट!"

इनोके निथळत बसून राहिला. मग तो उठला, सरळ किटिओनेसमोर गेला, त्याच्या पानातली भाजलेल्या डुकराची अख्खी तंगडी उचलली आणि तिचा लचका तोडत म्हणाला, "आधी तुमच्या नवऱ्याचं पोट काढा, मग माझा शर्ट!"

मग काय विचारता! चार दिवसांची भूक होती सगळ्यांची. शर्ट, घड्याळ, पट्टा, गॉगल, पाच मिनिटांत साफ. हॅरिएटची टोपलीही गेली. इनोके माझ्या जुन्या फुलाफुलांच्या लुंगीत उभा होता, हसत होता आणि रडत होता, आणि दोन्ही लपवत नव्हता.

सकाळी यॉट निघाली. किटिओने गावकीच्या कामासाठी लोकांना बोलवायला लाकडी ढोलापाशी गेला आणि तसाच हात हलवत परत आला. ढोलाची दोन्ही दांडकी गायब! त्याच्या आजोबांच्या हातची, जुन्या कठीण लाकडाची.

तेवढ्यात पाण्यावरून आवाज आला. टोक, टोक, टोक. प्रवाळाच्या खिंडीतून यॉट बाहेर पडत होती आणि इनोके डेकवर बसून ती दांडकी बडवत होता. दणक्यात, आणि एकदम चुकीच्या ठेक्यात.

"चोर!" किटिओने गुडघाभर पाण्यात धावला. "मातासावाच्या चोरा! परत ये, तुझी कातडी सोलतो!"

तिकडून आणखी जोरात टोक टोक आलं. किटिओने कमरेवर हात ठेवून ऐकत राहिला. मी शेजारी जाऊन उभी राहिले, तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते.

"थेट बापावर गेलाय मेला," तो म्हणाला.