गाळ पोटात ठेवणारी बरणी

मी एक जुनी, पोट सुटलेली काचेची बरणी आहे. मित्रांनो, माझं पोट आरपार दिसतं. त्यामुळे पोटातली घाण लपवायची सोय मला नाही.

भट्टीतून निघाले तेव्हा मी लखलखीत होते. पुढे एका शिंप्याच्या घरी आले. शेजारीच राहणाऱ्या त्याच्या आजारी सासऱ्यांच्या अंगणातलं सफरचंदाचं झाड कीड लागून पाडावं लागलं. त्याची शेवटची फळं शिंप्याने उकळली, पिळली आणि रस आंबवायला माझ्यात भरला. "माझ्या झाडाच्या रसाचा एक पेला तरी स्वच्छ बघू द्या," एवढंच सासरे म्हणाले.

पण रस काही निवळेना! भांडी विसळलेल्या पाण्यासारखा गढूळ, वर पिवळट फेस, तळाशी शेंबडासारखा गाळ. मला स्वतःचीच किळस येई. त्यात शिंपी उतावळा. येता-जाता मला गदागदा हलवी. एकदा तर त्याने माझ्या तोंडावर चक्क पायमोजा ताणून बसवला, रस गाळायला!

"शी! अहो, मोजा?" बायको किंचाळली.

"धुतलेला आहे गं."

"कधी?"

बायकोने मोजा ओढून काढला आणि वडिलांना गाठलं.

सासरे खोकला येईपर्यंत हसले. "जावईबापू, फळं उकळलीत ना? त्याने चिकट अंश रसात उतरतो. तो फोडणारी पूड मिळते. ती घाला, गार जागी ठेवा आणि कृपा करून हात लावू नका!"

पूड पडली. बायकोने मला गार कोठीत ठेवून कुलूपच लावलं. हळूहळू गाळ खाली बसला आणि वरचा रस मधासारखा झळकू लागला. मग शिंप्याने माझ्यात रबरी नळी सोडली आणि कांदा खाल्लेल्या तोंडाने रस ओढला. काय तो भपकारा! पण स्वच्छ रस वरच्या वर निघाला.

सासऱ्यांनी पेला खिडकीशी धरला. त्यातून अंगणातली झाडाची रिकामी जागा दिसत होती. "निवळलं गं," ते मुलीला म्हणाले आणि एकच घोट घेतला. तिने तोंड फिरवून डोळे पुसले.

त्या आनंदात मला सगळे विसरले. पोटात गाळ तसाच ठेवून मला मागच्या दारी टाकलं. बुरशी चढली, माश्या घोंगावल्या, अळ्या वळवळल्या. ज्यांनी पेले भरले, तेच आता नाक दाबून माझ्यापासून लांबून जातात.

मित्रांनो, स्वच्छ तेवढं खुशाल घ्या. पण उरलेला गाळही आपलाच समजा. तुम्ही पाठ फिरवलीत, तरी तो कुणाच्या तरी पोटात सडत असतो.