मागच्या सीटवरचं वजन

मी एक गाडी. राखाडी रंगाची, पाच माणसांची, रस्त्यात कुणी मान वळवून बघणार नाही अशी. तुम्ही लोक एकमेकांना चेहऱ्यावरून ओळखता. मला माणसं वजनावरून कळतात. कोण आपटून बसतं, कोण सीटच्या कडेला नुसतं टेकतं, कोण बसल्या बसल्या उसासा सोडतं. त्यामुळे मी जे सांगणार आहे ते डोळ्यांनी पाहिलेलं कमी आणि अंगावर पेललेलं जास्त आहे.

नगरच्या शोरूममधून मला पुणतांब्याच्या रंगनाथ गुरुजींनी घेतलं. शाळेतून नुकतेच निवृत्त झाले होते. चाकाखाली लिंबू, बॉनेटवर हार, सगळं रीतसर झालं. मग त्यांनी माझ्या मागच्या काचेवर बायकोचं नाव लिहून घेतलं. पुष्पावती. पांढऱ्या, वळणदार अक्षरात.

"अहो, गावभर माझं नाव फिरवणार का आता?" त्या म्हणाल्या होत्या.

"फिरू दे की," गुरुजी म्हणाले.

पुष्पावतीबाईंना पुढच्या सीटवर भीती वाटायची. त्या मागे, डावीकडे बसायच्या. देवळात शिरल्यासारखी चप्पल काढून पाय वर घ्यायच्या आणि वळण आलं की वरची कडी घट्ट धरायच्या. त्यांचं वजन मला पाठ होतं.

आयुष्यभर त्यांनी गोदावरीचं पाणी पाहिलं. त्याला पलीकडचा काठ होता. पलीकडचा काठच नसलेलं पाणी एकदा बघायचं, एवढीच त्यांची हौस. म्हणून गुरुजी त्यांना दिवेआगरला घेऊन गेले.

ओहोटीची वेळ होती. मला सुरूच्या झाडांखाली उभं करून गुरुजी शहाळी आणायला गेले. बाई जरा वेळ बसून राहिल्या. मग उतरल्या, चपला माझ्या मागच्या चाकाशी नीट जोडून ठेवल्या आणि लुगडं किंचित वर धरून ओल्या वाळूतून चालत निघाल्या. पाणी खूप लांब होतं. त्या लहान होत गेल्या, आणखी लहान झाल्या, आणि मग तिथे नुसती वाळू होती.

गुरुजी दोन्ही हातांत शहाळी घेऊन परत आले. त्यानंतर पोलीस आले, होडीवाले आले, पुण्याहून पुतण्या आला. बाई मिळाल्या नाहीत. जिवंत नाहीत आणि तशाही नाहीत.

पुणतांब्याला मी कांदा चाळीच्या आडोशाला उभी राहिले. गुरुजी रोज सकाळी यायचे, माझं मागचं डावं दार उघडायचे, जरा थांबायचे आणि लावून घ्यायचे. अखेरीस पुतण्याने त्यांना न विचारता मला श्रीरामपूरच्या एका डीलरला देऊन टाकलं. डीलरच्या माणसाने काचेवरचं नाव ब्लेडने खरवडून काढलं.

तिथून मला श्रीरामपूरच्याच गंधार आणि निवेदिताने घेतलं. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. गंधार बँकेत, निवेदिता ज्युनिअर कॉलेजात शिकवायची. घर छोटं, सासू-सासरे सोबत, त्यामुळे दोघं मनातलं बोलायची ती माझ्यात बसूनच. भांडायचीही माझ्यातच, काचा वर करून. मला ती दोघं आवडायची.

एका शनिवारी पहाटे ती दोघं निघाली. समुद्रावर एक रात्र राहून रविवारी परत यायचं, असा बेत होता. दमयंतीबाईंनी, म्हणजे निवेदिताच्या सासूबाईंनी, धपाट्यांचा डबा डिकीत ठेवला.

"पाण्यात फार आत जाऊ नका गं," त्या खिडकीशी वाकून म्हणाल्या.

"गुडघ्यापर्यंतच जाऊ, आई," निवेदिता हसत म्हणाली.

कुठला समुद्र, ते मला ताम्हिणी घाट उतरल्यावर कळलं. वळणं ओळखीची होती. खारी हवा माझ्या दारांच्या फटींतून आत आली, आणि मला जमलं असतं तर मी तिथेच बंद पडले असते. पण थांबणं न थांबणं गाडीच्या हातात नसतं.

गंधारने मला नेमकं तिथेच लावलं. मधल्या एका वादळाने निम्मे सुरू आडवे केले होते, जागा मात्र तीच. दोघं चपला हातात घेऊन पाण्याकडे गेली. ऊन लख्ख होतं. माझी दारं बंद होती, काचा वर होत्या.

आणि माझ्या मागच्या डाव्या सीटवर कुणीतरी बसलं.

दार उघडलं नाही. आधी गारवा आला, मग ओल, मग हळूहळू वजन. एकेक स्प्रिंग दबत गेली. कुणी खूप चालून दमून यावं आणि बसायला मिळाल्यावर अंग सोडून द्यावं, तसं.

आल्या बाई, मी मनाशी म्हटलं.

संध्याकाळी निवेदिताने पिशवी ठेवायला मागचं दार उघडलं आणि हात मागे घेतला. "गंधार, सीट ओली आहे."

"तूच टॉवेल ठेवला असशील."

"टॉवेल माझ्या खांद्यावर आहे."

त्याने पुसून घेतलं, वर वर्तमानपत्र पसरलं. सकाळी वर्तमानपत्राचा लगदा झाला होता आणि सीट मधोमध खोलगट दबलेली होती. निवेदिता ती बघत उभी राहिली. मग तिची नजर मागच्या काचेवर गेली. काचेवर रात्रीचं दव होतं, आणि जिथे ब्लेड फिरलं होतं तिथे दव धरलं नव्हतं. तिने हळूच वाचलं. "पुष्पावती."

शेजारी शहाळी विकणारा एक म्हातारा होता. तोही काचेकडेच बघत होता. "ही गाडी मागं आली होती ना इथं? पुणतांब्याच्या गुरुजींची. त्या बाई गावल्या काय नंतर?"

"कोण बाई?" गंधारने विचारलं.

म्हाताऱ्याने सगळं सांगितलं. सांगताना तो शहाळं सोलायचा थांबला होता.

मग निवेदिता म्हणाली, "आपण त्यांना पुणतांब्याला सोडू या."

"कोणाला सोडायचं? निवेदिता, सीट ओली आहे. खाऱ्या हवेत होतं असं."

"मग सोडायला काय हरकत आहे? वाटेवरच आहे. जरा पुढे जायचं."

गंधार चिडला नाही. घाबरला होता, म्हणून चिडला नाही. माणगावला त्याने हवा तपासायला मला थांबवलं. हवा भरणारा माणूस माझ्याभोवती फिरून आला. "हवा बरोबर आहे, साहेब. मागं सामान जास्त भरलंय का? डावीकडनं दबलीय."

गंधारने मागे पाहिलं. मागे एक पिशवी होती, तीही उजवीकडे.

घाटात मला एक गोष्ट जाणवली. पुष्पावतीबाई प्रत्येक वळणाला कडी धरायच्या, उलट्या बाजूला कलायच्या. हे वजन मात्र हललं नाही. पाण्यात राहून भीती गेली असेल, अशी मीच माझी समजूत घातली. निवेदिता अधूनमधून आरशात बघत होती. राहुरी गेल्यावर ती मागे न वळता म्हणाली, "काकू, आता फार लांब नाही हं." गंधारची स्टिअरिंगवरची पकड एवढी घट्ट झाली की मला ती बोटं टोचली.

पुणतांब्यात पोचलो तेव्हा सूर्य कांदा चाळीच्या मागे टेकला होता. गुरुजी ओट्यावर बसले होते. फार वाळले होते. माझा आवाज ऐकून ते उठले आणि या दोघांकडे न बघता थेट माझ्या मागच्या डाव्या दाराशी आले. निवेदिता काही सांगायला लागली, पण त्यांनी दार उघडलंही होतं.

"आलीस व्हय," ते म्हणाले.

मी जीव मुठीत धरला. त्यांनी वाकून सीटवर हात ठेवला, लेकराचा ताप बघावा तसा. खूप वेळ ठेवला. त्यांचा चेहरा आधी उजळला, मग त्यावर विचार आला, आणि मग तो हळूहळू विझला.

"न्हाई," ते म्हणाले. "ही ती न्हाई."

"काका?" निवेदिता म्हणाली.

"बाई हाय, येवढं खरं. पण आमची न्हाई."

"असं कसं सांगता येईल?"

"सारा जलम एका घरात काढलाय, पोरी. शेजारी बसलेलं मानूस आपलं का परकं, ते हाताला कळतं."

गंधारने निवेदिताला दंडाला धरून मागे ओढलं. त्या क्षणी मलाही पहिल्यांदा माझ्याच अंगाची भीती वाटली. एवढा रस्ता मी कुणाला पाठीवर आणलं होतं? मागच्या सीटवरचं वजन किंचित पुढे सरकलं, बोलणं ऐकायला कुणी सरकतं तसं.

गुरुजी आत गेले. मला वाटलं ते आता दार लावून घेतील. पण ते तांब्या भरून घेऊन आले आणि तो सीटपुढे, पाय ठेवतात तिथे ठेवला.

"घ्या बाई," ते म्हणाले. "खाऱ्या पान्यात ऱ्हायलेलं मानूस. तहान लागली असंल."

मग त्या दोघांना म्हणाले, "तुमीबी बसा. घाबरू नगा. हिचंबी कुनीतरी असंल. आपल्यासारखंच दारात बसून वाट बघत असंल."

तिघं ओट्यावर बसली. मी अंगणात दार उघडं ठेवून उभी. निघताना गुरुजींनी तांब्या उचलला. तो कोरडा ठणठणीत होता, आणि खाली मॅटवर एक थेंबही सांडलेला नव्हता.

त्यानंतर गंधारने मला विकायचं काढलं. छगन मेकॅनिककडे नेऊन सीट बदलून घेतली, खालच्या स्प्रिंगही बदलल्या. नवी सीट दुसऱ्याच दिवशी दबली. छगनने पुन्हा मला हात लावला नाही. निवेदिता मात्र ठाम राहिली. "आपणच तिला गाडीतून आणलं ना? आता कुठे सोडायचं? आणि कोणाच्या गळ्यात मारायचं?"

ती मलाही भिते. पार्किंगमध्ये येताना तिची पावलं जड पडतात. तरी रोज कॉलेजला जायच्या आधी ती मागचं दार उघडते, भरलेला तांब्या ठेवते आणि कालचा रिकामा घेऊन जाते. आरशात बघत नाही.

कधीकधी गुरुजी एसटीने श्रीरामपूरला येतात. दमयंतीबाई त्यांना चहा देतात, पण ते तो खाली, माझ्या दाराशी खुर्ची टाकूनच पितात. पुष्पावतीबाईंबद्दल बोलतात. त्या कशा होत्या, आवाज कसा होता, हसताना पदर कसा तोंडाला लावायच्या. मग विचारतात, "तिकडं आमची ही कुटं दिसली का तुमाला?"

त्या वेळी माझ्या मागच्या सीटवरचं वजन जरासं हलतं. होय म्हणून हलतं की नाही म्हणून, ते मला कळत नाही. गुरुजींना कळत असावं. कारण ते चहा संपवतात, मान हलवतात आणि जाताना मला अलगद थोपटतात.

आता माझं काम एवढंच उरलं आहे. मी कुठे जात नाही. टायर बसले, बॅटरी उतरली, बॉनेटवर धूळ साचली. तुमच्या घरातलं कुणी समुद्राकडे गेलं असेल आणि परत आलं नसेल, तर एकदा श्रीरामपूरला या. माझं मागचं डावं दार लॉक नसतं. सीटवर हात ठेवा. गार लागेल, पण लगेच काढून घेऊ नका. तिचं नाव आम्हाला कुणालाच माहीत नाही. तुम्हाला ते ठाऊक असेल, तर एकदा हाक मारून बघा.