साक्षीदाराची सही

गुलाबांची रांग सुकायला लागली तेव्हा तिला वाटलं, कीड असेल. तिनं औषध मारलं, खराब पानं खुडली. मग एक रोप पिशवीसकट उचललं, तर खालून पाणी टपकलं. मुळं काळी पडून पार कुजली होती. तिथंच हातानं माती उकरली तर चार बोटांवर पाणी लागलं. पाऊस जाऊन तीन महिने झाले होते.

घरामागच्या त्या पट्ट्यात तिनं रोपवाटिका उभी केली होती ती एकटीनं. नवरा शाळेची बस चालवायचा. सकाळी जायचा, संध्याकाळी यायचा, आणि आल्यावर तिनं सांगितलेली पोती इकडची तिकडे करायचा. बाकी सगळं तिचं. रोपं बांधणं, कलमं करणं, गिऱ्हाइकाला समजावून सांगणं. गल्लीत तिला सगळे रोपवाली म्हणायचे आणि तिलाही ते आवडायचं.

पट्ट्याच्या डाव्या हाताला लॉन्ड्री होती. लॉन्ड्रीवाला आणि त्याची बायको दोन वर्षांपूर्वी तिथं राहायला आले होते. उजव्या हाताला ताई. ताई म्हणजे रुग्णालयातून निवृत्त झालेल्या नर्स. अठरा वर्षांचा शेजार. रोपवालीची मुलगी जन्मली ती डॉक्टर पोचायच्या आत, ताईंच्या हातात. सासूच्या शेवटच्या आजारपणात सुया, औषधं, कूस बदलणं, सगळं ताईंनी केलं होतं, तेही न बोलावता. दोन्ही घरांमधल्या तारेच्या कुंपणात एक फट होती. आधी ती मांजरापुरती होती. येऊन जाऊन ती एवढी मोठी झाली की ताई हातात कपबशी घेऊन आरामात पलीकडून यायच्या.

त्याच फटीतून येऊन ताईंनी चिखल पाहिला. चप्पल रुतली, ती ओढून काढली आणि म्हणाल्या, "अगं, बघतेस काय? पाणी साचलंय कुठं ते बघ. लॉन्ड्रीच्या भिंतीशीच ना? दिवसभर पाण्यात असतो तो. आणखी कुणाचं असणार?"

खरंच, सगळ्यात जास्त चिखल त्या भिंतीशी होता. रोपवाली तशीच, मातीच्या हातांनी, लॉन्ड्रीवाल्याकडे गेली.

लॉन्ड्रीवाला चादरींना इस्त्री करत होता. त्यानं ऐकून घेतलं. "वहिनी, माझं सांडपाणी साबणाचं असतं," तो म्हणाला. "तुमच्या चिखलाला साबणाचा वास येतोय का? आधी हुंगून बघा, मग भांडायला या. मी कुठं पळून जात नाही."

तिनं हुंगलं. नुसता मातीचा वास होता. तिनं तसं ताईंना सांगितलं.

"भरायच्या पाइपाचं असेल," ताई लगेच म्हणाल्या. "कपडे बुडवायच्या आधी पाणी स्वच्छच असतं की. तू फार साधी आहेस गं. तो तुला गुंडाळतोय."

संध्याकाळी नवऱ्यानं सगळं ऐकलं. "आपली जमीन त्याच्या बाजूला उतरती आहे," तो म्हणाला. "पाणी कुठूनही आलं तरी त्याच्या भिंतीच्या पायाशी अडून तिथंच साचणार. जरा दमानं घे."

"तुम्हाला कुणाशी वाकडं घ्यायलाच नको असतं," ती म्हणाली.

पुढच्या महिन्यात आणखी दोन रांगा गेल्या. तिनं पाणीपुरवठा कार्यालयात तक्रार दिली. तिथल्या कारकुनानं अर्ज वाचला आणि म्हणाला, नुसत्या संशयावर कुणाचं पाणी बंद करता येत नाही, शेजारच्या कुणीतरी साक्षीदार म्हणून लिहून द्यायला हवं. तिला विचारावंसुद्धा लागलं नाही. दुसऱ्या दिवशी ताई चष्मा आणि पेन घेऊनच आल्या. अर्जाखाली त्यांनी लिहिलं, 'लॉन्ड्रीच्या भिंतीखालून पाणी येताना मी स्वतः पाहिले आहे.' आणि खाली सही.

"तुम्ही कधी पाहिलंत?" रोपवालीनं विचारलं.

"तू बाजारात गेली होतीस तेव्हा," ताई म्हणाल्या. "तुझ्यासाठी एवढं नाही करायचं तर काय करायचं?"

रोपवालीचे डोळे भरून आले होते. नंतर तिला सगळ्यात जास्त राग आला तो याचा.

कार्यालयानं लॉन्ड्रीचं पाणी तोडलं. पाइप उकरून दाखवा, गळती नसेल तर पुन्हा जोडून देऊ, असं सांगितलं. गिऱ्हाइकं परत जायला लागली. लॉन्ड्रीवाल्यानं स्वतःच कुदळ घेतली. अकरा दिवस नवराबायको खोदत होते. बायको सकाळी सायकलला कपड्यांची गाठोडी बांधून पलीकडच्या वस्तीत धुवायला न्यायची आणि दुपारी येऊन माती उपसायची. रोपवाली खिडकीतून बघायची. तिला चैन पडत नव्हतं.

"एवढं खोदलं, अजून काही सापडलं कसं नाही हो ताई?"

"सापडेल. मन घट्ट कर," ताई म्हणाल्या. "आता माघार घेतलीस तर तो डोक्यावर बसेल."

बाराव्या दिवशी लॉन्ड्रीवाल्यानं प्लंबरला आणलं. पाइप धड आहे असा दाखला कार्यालयाला हवा होता. गल्लीतली सगळी कामं करणारा तोच एक म्हातारा प्लंबर. लॉन्ड्रीवाल्यानं रोपवालीलाही हाक मारली, "वहिनी, तुम्हीही या. नंतर म्हणाल, आपापसात ठरवलं."

ती गेली. चर कंबरेइतका खोल होता आणि पाइप या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडा. त्याच्या अंगाला हात लावला तर धूळ लागली. प्लंबरनं पिंपातलं पाणी आत सोडून बघितलं, एक थेंब बाहेर आला नाही. प्लंबर मातीच्या ढिगावर चढला, रोपवाटिकेवरून नजर फिरवली आणि पार पलीकडे, ताईंच्या अंगणाकडे बघत राहिला.

"त्यांनी अजून टाकी दुरुस्त केली नाही का?" त्यानं विचारलं.

"कुणी?" रोपवाली म्हणाली.

"नर्सबाईंनी. जमिनीखालची टाकी तडकलीय त्यांची, या कुंपणाच्या बाजूनं. रात्रीत अर्धी रिकामी होते म्हणून मला बोलावलं होतं. मागच्या वर्षीच सांगितलं मी, पाणी शेजारी जातंय, अंगण फोडायला लागेल. पुढं काही निरोपच नाही. मला वाटलं, दुसऱ्याकडून करून घेतलं असेल." मग त्यानं दोघांच्या तोंडाकडे बघितलं आणि तो गडबडीनं खाली उतरला. "तुम्हाला ठाऊक नव्हतं होय?"

लॉन्ड्रीवाल्यानं कुदळ भिंतीला टेकवली आणि तो आत निघून गेला.

रोपवाली कुंपणाच्या फटीतून गेली नाही. रस्त्यानं फिरून ताईंच्या पुढच्या दाराशी गेली आणि कडी वाजवली. अठरा वर्षांत पहिल्यांदाच.

"हे काय, इकडून कशी?" ताई हसल्या.

"टाकी तडकलीय हे तुम्हाला माहीत होतं?"

ताईंचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे हलले. "कोण म्हणालं? तो प्लंबर? त्याला काय कळतंय, तो..."

"ताई."

त्या खुर्चीत बसल्या. पदरानं चष्मा पुसायला लागल्या. "अंगणात नुकत्याच फरशा बसवल्या होत्या गं. मुलानं हौसेनं बसवून दिल्या. त्याला म्हटलं, फोडायला लागेल. तर तो म्हणाला, शेजारी काही बोलले का? नाही ना? मग कशाला आपणहून गळ्यात घेतेस. मला वाटलं, थोडं झिरपतंय, बंद होईल आपोआप."

"माझी रोपं मेली ते तुम्ही रोज येऊन बघत होतात."

"मला फार वाईट वाटायचं. खरंच."

"आणि सही? तुम्ही पाहिलं म्हणून लिहिलंत. काय पाहिलंत तुम्ही?"

ताई हलक्या आवाजात म्हणाल्या, "तू माझ्यावर चिडली असतीस. मला ते नको होतं. तो काय, परका माणूस. आज आहे, उद्या जाईल."

"मला सांगितलं असतंत तर मी स्वतः तुमच्या फरशा एकेक करून काढून दिल्या असत्या. पुन्हा बसवून दिल्या असत्या," रोपवाली म्हणाली. "केसानं गळा कापलात माझा. आणि माझ्या हातानं त्याचा."

तिथून ती लॉन्ड्रीत गेली. लॉन्ड्रीवाल्याची बायको चरात माती ढकलत होती. रोपवालीनं माफी मागितली. बाईनं काम थांबवलं नाही. लॉन्ड्रीवाला म्हणाला, "तुम्हाला फसवलं, ते कळलं मला. पण वहिनी, शेजारात मी एक आणि त्या एक. तुम्ही माझ्याकडे भांडायला आलात, तिकडे साधं विचारायलाही गेला नाहीत. का?"

रोपवालीनं बाजूचं फावडं उचललं. कुणी हो म्हणालं नाही, नकोही म्हणालं नाही. संध्याकाळपर्यंत तिघं माती लोटत होती. नवरा बसवरून आला, त्यानं सदरा काढून खुंटीला लावला आणि चौथा झाला. घरी जाताना तो एवढंच म्हणाला, "हात धुऊन घे, फोड आलेत." मी सांगितलं होतं, असं म्हणाला नाही.

सकाळी ती तक्रार मागं घ्यायला कार्यालयात गेली. कारकुनानं अर्ज पुढं सरकवला. "कारण लिहा. गैरसमज झाला, एवढं लिहिलंत तरी चालेल."

तिनं पेन उचललं. गैरसमज लिहिलं की प्रकरण मिटणार होतं. ताईंचं नाव कुठं येणार नव्हतं. तिला सासूची कूस बदलणारे ते हात आठवले, मुलीला पालथं धरून पाठीवर थापट मारणारे. ती इतका वेळ थांबली की कारकून दुसऱ्या माणसाशी बोलायला लागला.

मग तिनं लिहिलं, 'गळती साक्षीदाराच्या टाकीतून आहे. सही करताना साक्षीदाराला ते माहीत होते.'

लॉन्ड्रीचं पाणी दुपारी जोडलं गेलं. आठवड्यानं ताईंना नोटीस आली. त्या कुंपणाशी आल्या, पण फटीतून आत आल्या नाहीत. हातात तो कागद होता. "माझ्याविरुद्ध लेखी दिलंस? मी तुझ्या घरासाठी काय काय केलं, विसरलीस सगळं?"

"काहीच विसरले नाही, ताई. म्हणून तर लिहायला एवढा वेळ लागला."

"माझ्या पोटच्या पोरीसारखी होतीस तू."

रोपवाली आत निघून आली आणि स्वयंपाकघरात भांडी घासत बसली, घासलेलीच पुन्हा.

अंगण फोडलं, टाकीला आतून नवा गिलावा झाला. जमीन वाळायला चार महिने लागले. तिनं भिंतीकडच्या बाजूला चर काढून खडी भरली आणि नव्यानं गुलाब लावले. लॉन्ड्रीवाला समोर दिसला की मान हलवतो. त्याची बायको अजून बोलत नाही. कुंपणाची तार नवऱ्यानं नीट ओढून बांधून टाकली, तेव्हा तिनं त्याला अडवलं नाही.

परवा मुलीच्या परीक्षेचा निकाल आला. फोन ठेवल्याबरोबर रोपवाली मागच्या दारानं धावत बाहेर पडली, "ताई" म्हणून हाक ओठांवर आली होती. पलीकडे ताई दोरीवरचे कपडे काढत होत्या. त्यांनी वर बघितलं. मग रोपवालीनं जवळची झारी उचलली आणि सकाळीच पाणी घातलेल्या रोपांना पुन्हा पाणी घालायला लागली.