बर्फातली नळी

मधमाशी चावली का गांधीलमाशी, हे आमच्या हिमांशूलेच मालूम नाई. चोरखमारा तलावाच्या पाळीवर जाळं सोडवून राहिला होता, मानेत काईतरी टोचलं अन् पोट्टा आडवा. थोरला दुर्गेश मागच्या साली असाच माशी चावून गेला. तो उठला नाई, हा उठला. लोकं म्हणतात, नंदाबाई, नशीब समज. समजून राहिली बाप्पा, आणखी काय करू? दुर्गेश गेला तेव्हापासून मले ना बरं वाटत, ना वाईट. भात शिजवते, जाळी सुकवते, झोपते.

गोंदियाच्या डाक्टरनं हिमांशूच्या चामडीवर सुया टोचून पाहिल्या, रक्त तपासलं. नक्की काई निघेना. मंग म्हणाला, नागपुरात एक लॅब हाय. तिथं रक्तातल्या जित्या पेशी घेतात. थोड्यांवर मधमाशीचं विष टाकतात, थोड्यांवर गांधीलमाशीचं. ज्या विषानं पेशी चवताळल्या, ती माशी याची वैरीण. मंग तेच विष थोडं थोडं सुईनं देयाचं, दोन-चार वर्षं. म्हणजे पुढं चावली तरी पोरगं वाचते. पन माशी चुकीची धरली तं सुया फुकट.

"पेशी जित्या पोचल्या पायजेत," डाक्टरनं बजावलं. "उन्हात ठेवू नका, आजच न्या."

नळी घेऊन माझा नवरा निघाला. बकाराम म्हणजे जिंदगीभर मासोळी विकलेला माणूस. लॅबमधल्या बाईनं त्याचा थर्माकोलचा डबा उघडला तं आत फोडलेला बर्फ, त्यावर खडेमीठ, अन् मधोमध नळी. बाजारात मासोळी नेतो तशी. रक्ताचा दगड झाला होता.

"काका, सगळ्या पेशी मेल्या," बाई म्हणे. "नवीन रक्त आणा."

घरी येऊन त्यानं हे सांगतलं अन् भिंतीले टेकून बसला. मी तोंड सोडलं.

"अजी, तुमाले अक्कल हाय का नाई? जित्या पायजेत म्हणून सांगतलं होतं ना? बर्फ कायले टाकला? रक्त का मरळ हाय?"

"जाऊ दे ना माय," हिमांशू म्हणाला. "सोमवारी अजून देतो रक्त. तवरिक जाळं तं टाकाच लागते."

"पाळीवर पाय ठेवून पाह्य, टंगडी तोडीन."

तो जाळं गुंडाळाले लागला. मी नवऱ्याकडं वळली.

"बोला ना! काऊन टाकला बर्फ?"

त्यानं मान वर केली नाई.

"दुर्गेशले ठेवला होता ना बर्फावर," तो म्हणाला. "मोनाली सासरहून येयेपर्यंत. मीच रचला होता, डोक्यापासून पायापर्यंत. पोरगी आली, त्याच्या तोंडावर हात फिरवला अन् म्हणे, बाबा, दादा तं जिताच वाटून राहिला."

मी चुलीजवळ बसली. तिघांची ताटं वाढली. कोणी हात लावला नाई. रडू येईल असं वाटलं, आलं नाई.

"सोमवारी नळी मी नेते," मी म्हणाली.

तो म्हणाला, "ने."