फाटकावर वाचलेली नावं

१९५३ साली अंबरनाथच्या एका कारखान्यात खरजेची तपासणी झाली. खरूज नुसत्या डोळ्यांनी ओळखता येते, की सुईने किडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघावाच लागतो, हे मुंबईच्या एका डॉक्टरांना ठरवायचं होतं.

पॅकिंगमधल्या बायका तयार होईनात. परक्या पुरुषाला अंग कोण दाखवणार? शेवटी दवाखान्यातल्या नर्स उमाबाई इंदुबाईला भेटल्या. बदलापूरजवळच्या गावातून येणाऱ्या इंदुबाईचं बायका ऐकत.

उमाबाई म्हणाल्या, “नाव डॉक्टरांच्या वहीबाहेर जाणार नाही. माझा शब्द.”

इंदुबाई सगळ्यांच्या आधी पडद्याआड गेली. मग बाकीच्या गेल्या. तिच्या बोटांच्या बेचक्यांत पुरळ होतं, म्हणून डॉक्टरांनी ‘संशयित’ लिहिलं. सुईने चार जागी कोरून पाहिलं, पण किडा मिळाला नाही.

गुरुवारी सकाळी हजेरी घेणाऱ्या टाइमकीपरने फाटकावर एकोणीस नावं वाचली.

“खरूजवाल्यांनी तीन आठवडे घरी बसायचं.”

दुसरंच नाव इंदुबाईचं होतं. रोज तिच्या डब्यातलं कालवण खाणारी पुतळाबाई दोन पावलं मागे सरकली. यादीतली एक पोर रडत म्हणाली, “मावशे, तुज्यामुळं दाखवलं मी.”

 इंदुबाई तशीच घरी गेली.

उमाबाई डॉक्टरांकडे धावल्या.

“मॅनेजरांनी संशयितांची यादी मागितली,” डॉक्टर म्हणाले. “त्यांच्या परवानगीवरच हे काम चाललंय.”

“पण मी शब्द दिला होता!”

“तुम्ही दिलात. मी नव्हे.”

उमाबाईंनी वही उघडली. एकोणिसांतल्या सातजणींत किडा सापडलाच नव्हता. त्यांनी ‘खरूज नाही’ असं लिहून खाली सातही नावं उतरवली आणि डॉक्टरांना सही करायला लावली. संध्याकाळी कागद घेऊन त्या इंदुबाईच्या दारात उभ्या राहिल्या.

“इंदुबाई, तुम्हाला खरूज नाहीच.”

“आन ज्यांना हाय, त्यांचं काय? त्यांनी बी तुमच्याच शब्दावर दाखवलं ना?”

 इंदुबाईने उमाबाईंना आत बोलावलं नाही.

सोमवारी सातजणी कामावर आल्या, बाराजणी तीन आठवड्यांनी. त्यानंतर भाजलं, कापलं तरी पॅकिंगमधली एकही बाई दवाखान्याची पायरी चढली नाही. इंदुबाईने कोणालाच मनाई केली नव्हती.

पावसाळ्याआधी उमाबाईंनी नोकरी सोडली.